दिव्याखालची तूर

उजेडाचं कौतुक मला सांगू नका. आमच्या सोसायटीनं नुकतेच गच्चीवर चार मोठे दिवे लावले. मी भांडले, तर सेक्रेटरी म्हणतात, "मॅडम, अंधारात काय ठेवलंय?" काय ठेवलंय म्हणे! मी मीटिंगमधून उठूनच आले. समजावायचं तरी किती जणांना?

लातूर नवा नवा जिल्हा झाला होता तेव्हाची गोष्ट. औशाकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं दोन एकर रान होतं आणि शेजारी सरकारी गोदाम उठलं होतं. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, येईल त्याला सांगायचे, "आता आपुन जिल्ह्याची माणसं." गोदामाच्या कोपऱ्यावर, अगदी आमच्या बांधाशी दिवा लावावा, हा अर्ज त्यांचाच. अक्षर माझं, सही त्यांची. खांब उभा राहिला, मोठा पांढरा दिवा लागला आणि दादांनी गावात पेढे वाटले. विहिरीवरच्या पंपाला लाईट नसायची, पण हा दिवा संध्याकाळी जो लागायचा तो उजाडेपर्यंत.

त्या साली पावसानं दगा दिला. मूग गेला, उडीद गेला. राहिली फक्त तूर. वर्षभराचं घरचं वरण तिच्यावरच होतं. विहिरीत सकाळी दहा-बारा घागरी पाणी जमायचं, ते माय आणि मी डोक्यावरून वाहायचो. सगळ्या रानाला ते पुरणार कुठून? दिव्याकडची तूर हिरवीगार, माझ्या खांद्याला लागलेली. लांबच्या टोकाची खुरटलेली, पिवळी. माय म्हणाली, "ती मेल्यातच जमा हाय. जी जगायली तिलाच पाणी घालू." दादा तर खूष. "बघ, दिव्याचा गुण हाय!"

मग लांबच्या टोकाला फुलं आली, शेंगा धरल्या. दिव्याकडं मात्र पानंच पानं. दादा म्हणायचे, उशिरा येईल. माय रोज फांद्या चाळून बघायची आणि घागर रिकामी करायची.

एका संध्याकाळी, दिवा लागल्यावर, तिनं मला दंडाला धरून रानात नेलं. बांधावरच्या बाभळीच्या खोडाची सावली तुरीत लांबवर पडली होती. "बघ," ती म्हणाली. सावलीत होती तेवढ्याच झाडांना शेंगा लगडलेल्या. अलीकडं, पलीकडं एक फूल नाही. मी पुन्हा पुन्हा वाकून बघितलं.

"हिला रातच मिळंना गं," माय म्हणाली. "डोळ्यावर दिवा धरल्यावर कोण झोपंल?"

दादांना सांगितलं तर म्हणाले, "येड लागलंय का? झाडाला कुठं झोप असती?" पण चेहरा उतरला होता. आता दिवा विझला तर थोड्याफार शेंगा धरतील, या आशेनं मी नवा अर्ज लिहिला. दादा सही करेनात. "ज्या तोंडानं पेढे वाटले, त्याच तोंडानं अंधार मागू? गावात फिरू कसा?" अहो, घरात डाळ नसेल आणि ह्यांना गावाची पडलेली! मी कागद त्यांच्यासमोर आपटला.

शेवटी माय अंगठा उठवून, मला सोबत घेऊन स्वतःच वीज मंडळाच्या ऑफिसात गेली. कारकुनानं अर्ज वाचला आणि मोठ्यानं हसला. "मावशी, लोक दिव्यासाठी चकरा मारतात आणि तुम्हाला अंधार पाहिजे?" मग सगळं ऑफिस हसलं. "महिनाभर तरी विझवा, साहेब," म्हणत ती हात जोडून उभी. मी नुसतीच धुसफुसत राहिले. त्या कारकुनाचा आजही राग येतो, आणि तोंड न उघडणाऱ्या माझाही. दिवा काही विझला नाही.

हिरवी तूर तशीच कापून म्हशीपुढं टाकली. दुष्काळात म्हशीची तेवढी चंगळ झाली. दादा त्या दिवशी रानात फिरकलेच नाहीत. मग आम्ही दोघींनी लांबच्या टोकाची खुरटी तूर बडवली. माय सुपात दाणे पाखडत होती. पाखडता पाखडता तिचे हात थांबले आणि भर उन्हात ती मोठ्यानं रडायला लागली.

"हिला मी मरायला सोडली होती गं," ती म्हणाली. "एक घागर घातली न्हाई. आन् हीच आली आपल्या ताटात."