मळखाऊ रंग

पिंपळे सौदागरला एका सोसायटीत मी पोळ्या करायला जाते. तिथल्या हॉलचा रंग माझ्या मनात भरला होता. दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखा, ऊबदार. आणि आमच्या काळेवाडीच्या घरात पांढरा चुना, त्यावर ह्यांच्या डोक्याचा ताटलीएवढा तेलकट डाग. हे चाकणहून फर्स्ट शिफ्ट करून साडेचारला यायचे, खाली बसायचे आणि भिंतीला डोकं टेकून डोळे मिटायचे. बावीस वर्षं तीच जागा. मी करवादायचे, "अहो, भिंत आहे का उशी?" हे नुसते हसायचे.

गेल्या दिवाळीला हट्टाने घर रंगवून घेतलं. दुकानातले चाचा म्हणाले, "ताई, हाच न्या. मळखाऊ आहे, पाच वर्षं बघायला नको." पेंटरने डाग खरवडला, पुट्टी भरली, वर दोन हात मारले. दिवे लावले तर घर असं काही दिसलं की मला रडूच आलं. आणि त्याच दमात मी ह्यांना बजावलं, "खबरदार, डोकं टेकवलंत तर!"

"अगं, मळखाऊ आहे ना? मग खाऊ दे की थोडा मळ."

"चावटपणा पुरे. दिवाळीत चारजणी बघायला येतील."

त्या चारजणी येऊन गेल्या, दिवाळी संपली, तरी माझा जाच काही संपला नाही. हे बिचारे तिथेच बसायचे, पण ताठ, भिंतीपासून चार बोटं लांब. बसल्या बसल्या मान पुढे कलंडायची. मी मनात खूश, की लागली बाई एकदाची सवय. चेहरा उतरलेला दिसत होता, नाही असं नाही. मला वाटलं, ओव्हरटाइम जास्त होतोय. होळीच्या आधी हे गेले. हार्ट. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

आता साडेचार वाजत आले की मी ओट्याशी चहा ठेवते आणि मागे हे येऊन बसलेले असतात. वळून बघितलं तर कुणी नसतं, ठाऊक आहे मला. पण वळले नाही तर असतात. ताठ, चार बोटं लांब. मग मी मोठ्याने म्हणते, "टेका हो, टेका आता. कोण बोलतंय तुम्हाला?" हे ऐकून शेजारीण एकदा दारातूनच परत गेली. मी भिंतीवर हात फिरवते, कुठे तेलकट लागतंय का बघते. कुठेच लागत नाही. आलेली माणसं म्हणतात, रंग काय छान राहिलाय हो. आग लागो त्या रंगाला!

मागच्या आठवड्यात ह्यांच्याबरोबर काम करणारे एक भाऊजी आले, लॉकरमधलं सामान द्यायला. चहा घेता घेता भिंतीकडे बघून म्हणाले, "वहिनी, हाच का तो नवीन रंग?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"शेवटी शेवटी स्टॉप आला तरी हा कंपनीच्या बसमधून उतरायचाच नाही. खिडकीला डोकं लावून बसून राहायचा. ड्रायव्हर वैतागायचा. तर हा त्याला म्हणायचा, भावा, दोनच मिनिटं टेकू दे, घरी नवीन रंग दिलाय."