नजरेची माती

इथले देवाचे-भुताखेतांचे अनुभव मी चहाबरोबर चिवडा खावा तसे वाचतो. विश्वास म्हणाल तर काडीचा नाही. सांगलीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर म्हणून माझी हयात गेली. जे मोजता येत नाही त्याला मी विचारत नाही. तरी सत्तरच्या दशकातली एक दुपार अशी आहे, की तिच्यापुढं माझी अक्कल चालत नाही. आज लिहून टाकतो. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

माझी थोरली बहीण, आक्का, आटपाडीच्या पलीकडं माणदेशातल्या एका वाडीवर दिलेली. दाजी मिलिटरीतून पेन्शनवर आलेले. तिथं ते घड्याळं आणि होकायंत्रं दुरुस्त करायच्या वर्कशॉपमध्ये होते, आणि येताना काट्यांना लावायच्या चमकत्या रंगाच्या बाटल्या उचलून घेऊन आले – रेडियमचा रंग. वाडीच्या बिरोबाचा गाभारा बुटका, भरदुपारी अंधारा. दाजींनी कुणाला न सांगता देवाच्या डोळ्यांना तो रंग लावला... आणि देव डोळे उघडून बघायला लागला! झालं. वाडी लोटांगण घालायला लागली, आणि देवाची नजर आधी आपल्यावर पडली असं सांगून दाजींनी देवळाचं सगळं हातात घेतलं.

चमक मंदावली की दाजी जुना रंग खरवडून नवा लावायचे. खरवड खाली मातीत पडायची. आणि लोक नेमकी तीच माती चिमटीनं न्यायचे – देवाची नजर पडते ती, म्हणून नजरेची माती. पोराला ताप आला, चाटव. म्हैस आटली, कासेला लाव. गरोदर बाईला तर मातीचे डोहाळे असतातच, तिला रोज.

आक्काला कैक वर्षांनी दिवस गेले होते. माधवनगरला आमच्या घरी आली तेव्हा पोट वर आलेलं आणि चेहरा पांढराफटक. हिरड्यांतून रक्त यायचं, एक दाढ हलत होती. कनवटीला मातीची पुरचुंडी.

"आक्का, ही काय खातीस?"

"नजरंची माती हाय. देवानं दिलंय त्ये टिकाय नगं व्हय?"

पुरचुंडी मी लॅबमध्ये नेली आणि तिच्याजवळ गायगर काउंटर धरला. हे यंत्र किरणोत्सर्ग मोजतं. रिकाम्या खोलीतही ते अधूनमधून टक... टक करतं, कारण दगडात, हवेत, सगळीकडं तो थोडाफार असतोच. त्या मातीवर मात्र ते फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडलं. रेडियम पोटात गेलं की शरीर त्याला चुना समजतं आणि हाडांत ठेवून घेतं. तिथून ते सहजी निघत नाही. रक्त आटवतं, जबडा कुजवतं. पोटातल्या जिवाचं काय होतं, हे पुस्तकात बघायची माझी छाती झाली नाही.

आक्काला सांगून पटेना, तेव्हा यंत्र घेऊन तिच्याबरोबरच एसटीनं वाडी गाठली. दाजींना गोठ्यामागं नेलं.

"आवं दाजी, ह्यो रंग इख हाय. मी मोजलंय. आक्का जाईल, प्वार जाईल. लोकांस्नी तुमी सांगा, न्हाईतर मी सांगतो."

दाजी तंबाखू मळत राहिले. "रंग हाय त्ये मला ठावं न्हाई व्हय? म्हणून तर मी खात न्हाई." आणि हसले.

माणसाला जिवंत गाडावंसं मला आयुष्यात तेवढं एकदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वाडी देवळापुढं जमवली. आधी यंत्र ओट्यावर धरलं – टक... टक. मग गाभाऱ्यातल्या मातीवर धरलं आणि जी तडतड सुरू झाली, बाया मागं सरकल्या. एक म्हातारा म्हणाला, "आवं, ही माती तर वरडतीया की!" आणखी थोडा वेळ मिळाला असता तर सगळं तिथंच निस्तरलं असतं.

दाजी उठले. मूठभर माती घेतली आणि आक्काच्या हातावर ठेवली.

"खा."

आक्कानं माझ्याकडं पाहिलं.

"त्याच्याकडं काय बगतीस? नवरा कोण हाय तुजा? मंडळी, माती इख आसंल तर हिच्या पोटात बी वरडंल. काय रं बापू?"

मी धावलो, पण दोघा गड्यांनी मला मागं ओढलं. आक्कानं माती खाल्ली. पाण्याशिवाय, डोळे मिटून, सगळी. मग दाजींनी माझं मनगट धरलं आणि यंत्र तिच्या पोटाला लावलं.

यंत्र गप्प झालं.

गप्प म्हणजे नुसती तडतड थांबली असं नव्हे. रिकाम्या खोलीतलं ते टक... टकसुद्धा बंद. अशी जागा जगात कुठं असू शकत नाही. जाणकार म्हणतील, किरण अतोनात झाले की यंत्रातली ट्यूब मुकी होते. होते, मान्य. पण तेवढे किरण असते तर आम्ही कुणीच वाचलो नसतो. शिवाय मी हिसका मारून यंत्र वीतभर वर, तिच्या छातीशी नेलं – तडतड. खाली आणलं – शांत. पुन्हा वर – तडतड!

पण ती तडतड ऐकली मी एकट्यानं. तोवर "बिरोबाच्या नावानं चांगभलं" सुरू झालं होतं. भंडारा उधळला, ढोल घुमायला लागले. "मास्तराचं यंत्र बी देवाम्होरं गप झालं!" मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. लोकांनी हातांनी माती उकरून पदरात घेतली, पोरांच्या तोंडात घातली.

आक्का बाळंत झाली. मुलगी... ठणठणीत, गुटगुटीत. दाजींनी तोंड बघितलं आणि म्हणाले, "ह्येच्यासाठी येवढी माती खाल्लीस व्हय?" मायलेकी माधवनगरला आल्या त्या कायमच्याच.

आक्काचा जबडा कुजला. डॉक्टर हाडाचे तुकडे काढत राहिले. वास यायचा, म्हणून पोरीला जवळ घेताना ती तोंडाला पदर लावायची. एकदा म्हणाली, शब्द नीट फुटत नव्हते तरी म्हणाली,

"बापू, यंत्र गप झालं हुतं न्हवं? समद्यांनी बगितलं."

"व्हय, आक्का."

"मग माज्या त्वांडात ह्ये काय रं?"

पोरगी चालायला लागायच्या आत आक्का गेली.

वाडीत लोकांचे दात पडले, पोरं दगावली. लोक म्हणाले देव कोपला, आणि आणखी माती खाल्ली. सरकारी माणसं येऊन ती भरून घेऊन गेली, पण फार उशिरा. दाजी म्हातारे होऊन अंथरुणावर, बत्तिशी शाबूत ठेवून मेले.

यंत्र मी नंतर उघडून पाहिलं, दुसऱ्यांकडून तपासून घेतलं. काही दोष नव्हता. खुलासा माझ्याकडं आजही नाही. भाची आता नातवंडांत रमली आहे. ती म्हणते, मामा, त्या दुपारी माझ्याभोवती कुणीतरी हात धरले होते. असं म्हणून ती देवापुढं दिवा लावते.

धरले असतील हात. पण त्याच हातांनी सगळ्या वाडीदेखत माझं यंत्र गप्प केलं... आणि तिथून वीतभर वर माझी आक्का होती.