‘हाय’ म्हणालो, एवढंच

"यू आर इन द बॉटम बकेट," करण म्हणाला आणि त्याने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

काचेची केबिन. मला बाहेरचे सगळे दिसत होते, म्हणजे सगळ्यांना मीही दिसत होतो. मी बिस्किट घेतलं. वर "थँक यू" म्हणालो. असा मी हुशार.

इन्व्हेस्टमेंट बँकेत पहिलं वर्ष संपलं की नव्या पोरांची प्रतवारी होते. वरची बादली, मधली, तळाची. तळाच्यांना सुधारायला थोडे महिने देतात. मग एका सकाळी दारावर कार्ड चालत नाही. मी भाईंदरच्या कोळ्याचा पोर. आई तिथल्याच केबिन रोडच्या बाजारात मासळी विकते. वर काय मांडतात आणि तळाला काय दबून राहतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

"काम में प्रॉब्लेम नहीं है," करण म्हणाला. करण आमच्या टीमचा प्रमुख. माझ्याहून फार मोठा नाही, पण आजोबांपासून याच धंद्यातला. "प्रेझेन्स नहीं है. क्लायंट के सामने तू... यू नो. वो ‘हाय’ वाला किस्सा."

तो किस्सा सांगतो. सांगायची खोडच आहे मला.

आमच्या घरी ‘आहे’ला ‘हाय’ म्हणतात, ‘नाही’ला ‘न्हाय’. कॉलेजात, मुलाखतीत मी ते दाताखाली दाबून ठेवलं होतं. पण एका मोठ्या क्लायंटच्या कॉलवर अचानक मलाच विचारलं गेलं, हा आकडा फायनल आहे का? मी दचकलो. तोंडातून निघालं, "हाय."

पलीकडून क्लायंट म्हणाला, "हाय!"

त्याचा वकील म्हणाला, "हॅलो, हू जस्ट जॉइन्ड?"

मी सावरायला गेलो. "न्हाय न्हाय, हाय."

आकडा फायनल होता. पण आता ते ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

सगळे हसले. मीही हसलो. पुढे ऑफिसात मी दिसलो की हात हलवून "हाय" सुरू झालं. मग मीच त्याला मीठमसाला लावला. पार्टीत डोक्यावर नॅपकिन घेऊन आईचा आवाज काढायचो, "घे ना गो बाय, ताजा हाय!" माणसं पोट धरून हसायची. करण तर फर्माईश करायचा. माझं गणित सोपं होतं. हसवणाऱ्याला कोण काढतं?

बिस्किट चघळताना ते गणित चुकलं. ज्यावर ते वर्षभर हसले, तेच माझ्याविरुद्ध साठत गेलं होतं.

तरी मी सुधारायला लागलो. आरशासमोर उभा राहून "येस. येस, इट इज." आईने विचारलं, "जेवलास काय रं?" मी म्हणालो, "येस."

"कोनाला येस करतंस? मी काय तुजा सायेब हाय?"

मी तिच्यावर खेकसलो. फोन चालू असला की माझ्या आसपास बोलू नकोस, पलीकडे ऐकू जातं.

ऑफिसात तोवर हवा बदलली होती. मीटिंगची बोलावणी येईनाशी झाली. माझ्यासोबत तळाला टाकलेली एक मुलगी होती, ती एका सोमवारी आलीच नाही. दुपारपर्यंत तिच्या खुर्चीवर कुणीतरी जॅकेट टाकलं. कुणी विचारलं नाही. मीही नाही. आणि करण माझ्याशी गोड बोलायला लागला. वरिष्ठ गोड बोलायला लागला की समजायचं, दिवस भरले.

मग एक दिवस मी घरून काम करत होतो. कॉल चालू. आई बाजारातून आली. माझ्या कानाला फोन दिसला. तिने पदर तोंडावर घट्ट धरला आणि भिंतीला घासत आत गेली. आत भांडंही वाजलं नाही. भर केबिन रोडवर पलीकडच्या फुटपाथवरचं गिऱ्हाईक हाकेने थांबवणारी बाई. स्वतःच्या घरात चोरासारखी.

करणला आमच्या दारापर्यंत यायची गरजच पडली नव्हती. त्याचं काम मी घरी आणलं होतं.

पुढच्या आठवड्यात तोच क्लायंट ऑफिसात आला. चहा झाल्यावर करणने मला आत बोलावलं आणि खांद्यावर हात टाकला. "अरे, सुना ना वो. मम्मीवाला. मच्छीवाला."

क्लायंट आधीच हसत होता.

"नहीं करूंगा," मी म्हणालो.

"कम ऑन यार. जोक है."

"जोक है तो मुझे बॉटम में क्यों डाला?"

आवाज, कसा कोण जाणे, कापला नाही. क्लायंट मोबाइल बघायला लागला. करण हसत राहिला, पण डोळे हसत नव्हते. "लेट्स टॉक लेटर," म्हणाला. फार हळू म्हणाला.

घरी आईला सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवेल. ती भडकली. "त्वांड कशाला उघाडलंस? जल्लं तुजं त्वांड! नोकरी गेली म्हंजे?" तिचं बरोबरच आहे. भीती मलाही आहे.

आज संध्याकाळी बोलावणं आलं. उद्या सकाळी. विषय लिहिलेला नाही. करणसोबत एचआरच्या मॅडम असतील. नोकरी बहुतेक जाईल.

मी जाणार. माझ्या कामात काय चुकलं ते दाखवा म्हणणार. दाखवता आलं नाही, तर आम्ही तुला तुझ्या बोलण्यावरून काढतोय, हे त्यांच्याच तोंडून वदवून घेणार. ‘प्रेझेन्स’ वगैरे नको. सरळ. त्यांना अवघड जाईल. वर्षभर त्या लोकांचं अवघडलेपण मी विनोद करून घालवलं. उद्या ते तसंच टेबलावर पडू दे. मी उचलणार नाही.