ताईच्या आवाजातला फोन

त्याला सगळे ब्रेकिंगभाऊ म्हणायचे, आणि हे नाव आपल्याला मुळीच आवडत नाही असं तो सांगायचा. साफ खोटं. रस्त्यात कुणी मागून 'काय ब्रेकिंगभाऊ, आज काय नवीन?' असं विचारायचा अवकाश, गडी जागच्या जागी वळायचा, खिशातून फोन काढायचा आणि सुरू व्हायचा. धंदा चष्म्यांचा. दुकान चिंचोळं, दोन्ही भिंतींवर फ्रेमा टांगलेल्या, मागे काचा घासायचं यंत्र आणि पुढे गिऱ्हाइकासाठी एकच उंच खुर्ची. त्या खुर्चीत बसलेल्या माणसाची सुटका नसे. नाकावर फ्रेम आहे, कानामागे चष्मेवाल्याची बोटं आहेत, मग माणूस उठून जाणार कुठे? तो मुकाट्याने ऐकून घ्यायचा.

आणि ऐकायला काय कमी असायचं! फोन आपलं बोलणं चोरून ऐकतो. रात्री बायकोशी गादी बदलायचं बोललो, सकाळी फोन उघडून बघतो तर गाद्यांच्याच जाहिराती. मग आता बोला. चित्रं यंत्रच काढणार, गाणी यंत्रच म्हणणार, निबंधही यंत्रच लिहिणार, आणि आपली पोरं जन्मभर नुसता अंगठा हलवत बसणार. हे सांगताना त्याचा स्वतःचा अंगठा स्क्रीनवर चालूच असायचा, पण ते त्याला कोण सांगणार. बातमी कुठलीही येवो, त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं: 'हे मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.'

बायको घरून, ऑनलाइन, परक्या मुलांना भाषा शिकवायची. एकदा कॅमेऱ्यातून कोणीतरी बघत असतं अशी बातमी वाचून याने तिच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर गुपचूप चिकटपट्टी लावली. अख्खा तास ती हातवारे करून क्रियापदं शिकवत राहिली आणि मुलं काळ्या पडद्याकडे बघत बसली. त्या दिवशी ती त्याला एवढंच म्हणाली की तुमचं मत आधी तयार असतं, बातमी मागून येते. तो दोन दिवस घुश्शात होता.

मग ती आवाजाची बातमी आली. म्हणे माणसाच्या आवाजाचा एवढासा तुकडा मिळाला की यंत्र हुबेहूब त्याच्याच आवाजात बोलतं, रडतं, मदत मागतं, आणि घरचे लोक फसतात. ही बातमी वाचल्यावर मात्र त्याची झोप उडाली. गंमत नाही, खरोखरच उडाली. तो दुकानात येरझारा घालायचा, गिऱ्हाइकाचा नंबर दोनदा विचारायचा, घरी जेवताना मध्येच उठून दार लागलंय का बघायचा. शेवटी त्याने घराण्याचा कायदाच केला. घरच्या ग्रुपवर लिहिलं: अनोळखी नंबरावरून आपल्यापैकी कुणाच्याही आवाजात फोन आला तर आधी 'खूण?' असं विचारायचं. ठरलेला शब्द आला नाही तर फोन कापायचा. वाद घालायचा नाही. समोरचं माणूस रडत असेल तर आणखी लवकर कापायचा. आणि शब्द दर महिन्याला बदलणार, कारण पासवर्ड बदलत राहावा असं सगळे जाणकार सांगतात.

पहिला शब्द होता 'कात्री'. तो त्याने ताईसाठी ठेवला होता, तिच्या लक्षात राहावा म्हणून, आणि तिला स्वतः भेटून सांगितलाही होता.

ताई म्हणजे थोरली बहीण. आई गेली तेव्हा हा शाळेत होता आणि ताई नुकतीच शिवणकामाला लागली होती. याचं शिक्षण, याचं आजारपण, याचं लग्न, सगळं तिनेच निभावलं. स्वतःचं म्हणून काही मांडायचं राहूनच गेलं. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची आणि लोकांचे कपडे उसवून, आत घेऊन, लांबी कमी करून द्यायची. तंत्रज्ञानाबद्दल तिचंही मत होतं, पण ते एका ओळीचं होतं. बटण दाबल्यावर काम झालं तर वस्तू चांगली, नाही झालं तर वाईट. ग्रुपचा आवाज मात्र तिने केव्हाच बंद करून टाकला होता, आणि ती तो उघडायचीही नाही. याच्या बातम्या दिवसभर टुणटुण वाजायच्या आणि ती दचकून बोटात सुई टोचून घ्यायची. तिने हे त्याला तोंडावर सांगितलं होतं. त्यामुळे महिना उलटला आणि कायद्याप्रमाणे शब्द बदलला, तेव्हा ते ताईला कळलंच नाही. नवा शब्द होता 'पायपुसणं'. कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही असा शब्द शोधला म्हणून तो स्वतःवर भलताच खूश होता.

त्या दिवशी सकाळी खुर्चीत एक निवृत्त मुख्याध्यापिका बसल्या होत्या. तो त्यांच्या फ्रेमची दांडी गरम करून वाकवत होता आणि त्यांना आवाजाच्या चोरीची गोष्ट सांगत होता. अगदी रंगात आला होता. तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. त्याने बाईंकडे असं बघितलं, की आता बघाच. आणि फोन उचलला.

"बाळ्या, मी पडले रे. जिन्यात पडले. लवकर ये."

आवाज ताईचा होता. दम लागलेला, तुटक. मागे कुठेतरी लोखंडी जाळी खडखडत होती. बाई त्याच्याकडे बघत होत्या. त्याने घसा साफ केला आणि विचारलं, "खूण?"

मग ती म्हणाली, "अरे, काय विचारतोयस... कात्री. कात्रीच ना?"

त्याने फोन कापला.

नुसता कापला नाही, तो नंबर ब्लॉकही केला. मग ग्रुपवर नंबरासकट लिहिलं: 'सावधान! आत्ताच ताईच्या आवाजात बनावट फोन येऊन गेला. खूण चुकली. हा नंबर कुणीही उचलू नका, सगळ्यांना पाठवा.' लगेच चुलत भावंडांचे अंगठे आले. एकाने लिहिलं, भाऊ, वाचवलंस. मग त्याने सगळी हकिकत बाईंना परत सांगितली. त्या समोरच बसून ऐकत होत्या तरी सांगितली.

बाईंनी जन्मभर मुलांच्या सबबी ऐकलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "मागितलं काय?"

"कुणी?"

"त्या चोरांनी. पैसे, पासवर्ड, काहीतरी मागितलं असेल ना?"

त्याच्या चिमट्यातला बारका स्क्रू खाली पडला. तो वाकून शोधायला लागला आणि खालूनच म्हणाला, "काही नाही. ये म्हणाली."

तिथून त्याचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ताईच्या नंबरावर फोन लावला तर बंद. पुन्हा लावला, पुन्हा बंद. आता चोर आधी माणसाचा फोन बंद पाडतात आणि मगच घरच्यांना गाठतात, हे त्यानेच वाचलेलं होतं, त्यानेच लोकांना सांगितलेलं होतं. म्हणजे सगळं बरोबरच जुळत होतं. आवाज? बनवता येतो. रडणं? तेही येतं. 'बाळ्या'? ताईच्या वाढदिवसाला त्यानेच फोटोखाली 'तुझाच बाळ्या' असं जगजाहीर लिहिलं होतं. प्रत्येक शंकेला बातमीत उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तरानंतर तो ताईचाच नंबर परत लावत होता. तो यंत्राकडे गेला, परत आला, पाणी प्यायला, दारात जाऊन उभा राहिला. उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवली. बाईंनी ती फ्रेम डोळ्यांवर चढवली, काढली आणि मांडीवर ठेवली.

बायकोचा फोन आला. तिने ग्रुप वाचला होता आणि तिलाही ताईंचा फोन लागत नव्हता. ती म्हणाली, आधी त्या नंबरावर परत फोन लावा. तो उसळलाच. अगं, त्यांना तेच तर हवं असतं! आपण उलट फोन केला की आपण अलगद जाळ्यात! तिने त्याला पूर्ण बोलू दिलं.

मग म्हणाली, "मग फसा. एकदा फसूनच बघा ना. ताईंसाठी फसलात तर काय बिघडलं?"

त्याने नंबर मोकळा केला आणि फोन लावला. लाइन बिझी. पुन्हा बिझी. कितीतरी वेळाने एका माणसाने उचलला आणि हॅलो न म्हणताच तो सुरू झाला. लिफ्ट दुरुस्त करणारा होता तो. म्हणाला, माझ्या फोनवर तासाभरात कोणकोण लोक येऊन मला चोर म्हणतायत, दरोडेखोर म्हणतायत, माझा नंबर कुठे कुठे फिरतोय मला माहीत नाही. आता तू कोण?

"तुमच्या फोनवरून बोलल्या त्या बाईंचा मी भाऊ."

"कशावरून?"

कशावरून? हा प्रश्न इतरांना विचारायची तालीम चष्मेवाल्याने पुष्कळ केली होती. लिफ्टवाला बोलतच होता. त्या बाईंचा फोन जिन्याच्या कठड्यातून खाली पडून फुटला. मी माझा दिला. त्यांना एकच नंबर पाठ होता, भावाचा. बाकी सगळे नंबर फोनमध्ये. भावाने कापला, मग लागेचना. त्या म्हणत होत्या लागेल, परत लाव, तो उचलेल. आणि आता हे शिव्या देणारे त्यांची चौकशी करतायत. मी कशाला सांगू त्या कुठे आहेत ते? कोणीही उठून भाऊ म्हणेल.

"दादा," तो म्हणाला, "तो फोन कापणारा मीच."

मग लिफ्टवाल्याने इस्पितळाचा पत्ता सांगितला आणि तो काही बोलायच्या आत फोन ठेवून दिला.

बाई केव्हाच खुर्चीतून उतरल्या होत्या. तुम्ही निघा, शटर मी ओढून घेते, असं त्या म्हणाल्या. तो तसाच धावला. टॅक्सी मिळाली, ती सिग्नलला अडकली, तो मध्येच उतरून चालायला लागला, मग टॅक्सी पुढे निघून गेली आणि दुसरी मिळेना. डोकं ठिकाणावर नसलं की माणूस अशीच कामं करतो. रस्ताभर ग्रुप वाजत होता. कुणीतरी त्या नंबराची पोलिसांत तक्रार करू या म्हणून लिहिलं होतं. त्याने आयुष्यात पहिल्यांदा फोन बंद केला.

ताई खिडकीजवळच्या खाटेवर होती. पाय प्लास्टरमध्ये, उजवं मनगट प्लास्टरमध्ये. शिवणारं मनगट. खूप वेळ ती जिन्याच्या वळणावर पडून होती. एकटा लिफ्टवाला तिला उचलू शकत नव्हता आणि गाडी यायला उशीर झाला. याला बघून ती हसली. तो खाटेच्या कडेला बसला, उठला, परत बसला. तिची उशी सरळ केली, ती सरळच होती. पाण्याचा पेला उचलला आणि आहे तिथेच ठेवला.

ताईने डावा हात त्याच्या हातावर ठेवला. तू मनाला लावून घेऊ नकोस, ती म्हणाली. तुझं काही चुकलं नाही. शब्द मीच चुकीचा सांगितला. तुझ्या त्या बातम्या वाचल्या असत्या तर मला माहीत असता. आणि हल्ली आवाज म्हणे सगळे सारखेच काढता येतात, मग तुला बिचाऱ्याला कसं कळणार की मीच आहे?

सुटका समोर उभी होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. भावंडांनी अंगठे दिलेच होते, बायकोही थोडं बोलून विसरली असती, आणि ताई तर स्वतःच त्याची बाजू मांडत होती. त्याने मान हलवायला घेतली. पण ते प्लास्टरमधलं मनगट बघितलं आणि त्याला ते जमेना. त्याला रडूच फुटलं.

"ताई, मी ओळखलं होतं," तो म्हणाला. "तू बाळ्या म्हणायच्याही आधी. नुसता श्वास ऐकला आणि कळलं, तूच आहेस. खूण मी नंतर विचारली."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "मग का कापलास?"

"नियम माझा होता ना."

तिने हात काढून घेतला नाही, पण तो आता नुसता तिथे पडून होता. वॉर्डातून एक परिचारिका ट्रॉली ढकलत गेली. ताईने मान खिडकीकडे वळवली आणि तिकडे बघतच विचारलं, "तेव्हा दुकानात समोर कुणी बसलं होतं का रे?"

"होतं," तो म्हणाला.

"वाटलंच मला," ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.