कोपऱ्यात बसणाऱ्या काकू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंइतकं हट्टाने कोपऱ्यात बसणारं माणूस अख्ख्या ड्रेस्डेनमध्ये सापडायचं नाही, आणि हे मी कौतुकाने कमी, रागाने जास्त लिहितेय. इथल्या कीटात, म्हणजे बालवाडीत, नवं मूल आलं की आई पहिले काही दिवस कोपऱ्यात बसून राहते. आज दहा मिनिटं बाहेर जाते, उद्या वीस. या सरावण्याला आईनगेव्योनुंग म्हणतात. नागपुरात वीस वर्षं बालवाडी चालवलेल्या काकूंना हा प्रकार कळला आणि त्यांनी तो सगळ्या जगाला लावला. मी खालच्या मजल्यावर राहायला आले तेव्हा "पहिल्या दिवशी दहाच मिनिटं हं," म्हणून चहा अर्धा असतानाच मला बाहेर काढलं. नवं रोप आधी जिन्यात सरावणार, मग गॅलरीत. नवा कुकर तीन दिवस नुसता ओट्यावर बसून. काका म्हणायचे, "लग्नाला तीस वर्षं झाली, मी अजून वीस मिनिटांवरच आहे."

आमची संस्था परदेशातून आलेल्या बायकांना बालवाडीच्या कामासाठी तयार करते. नवी बाई बावरली की काकू वर्गाच्या कोपऱ्यात येऊन विणत बसायच्या, एक शब्द न बोलता. मी पत्रकं लिहायचे, ती कोणी वाचत नसे. बायका टिकायच्या त्या काकूंमुळे.

मग दूरच्या नेकारसुल्म गावात शाखा काढायचं ठरलं. काकूंनी बॅग भरली, आणि कार्यकारिणीने पाठवली काय, तर काकूंच्या पद्धतीची फाइल! काकूंच्या नागपूरच्या प्रमाणपत्राला इथे मान्यता नाही, म्हणून शिकवायला त्या चालत नाहीत. पत्रकावरच्या फोटोला मात्र चालतात. आणि ती फाइल लिहिली कोणी? मीच. काकूंच्या तोंडून ऐकून, हौसेने, रंगीत खुणा लावून. त्यांचं कोपऱ्यात बसणं मी चौदाव्या पानावर चार मुद्द्यांत कोंबलं होतं. काकू बैठकीत एवढंच म्हणाल्या, "आल्झो, म्हणजे बघा, एका पोराला आपण असं दारात टाकून येत नाही, आणि अख्खं गाव टाकून येणार?" अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं.

महिन्याभरात तिथल्या निम्म्या बायका गळाल्या. मी निषेधाचं पत्र घेऊन तावातावाने वर गेले. काकू स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर विणकाम, ओट्यावर फोन चालू.

"काकू, या लोकांना ना..."

"हळू बोल!" फोनवर हात ठेवून त्या पुटपुटल्या. "नेकारसुल्मचा फोन आहे. आपली सांगलीची पोर, वर्गात बसलीय. फोन तिच्या खिशात. मी कोपऱ्यात आहे एवढं तिला ठाऊक असलं की पुरे."

मी पत्राची घडी केली आणि जमिनीवर बसले.

मग रोज तो फोन थोडा थोडा आखूड होत गेला. एका सोमवारी आलाच नाही. "जमलं बघ तिला," काकू म्हणाल्या, आणि पुसलेलाच ओटा परत पुसायला लागल्या. मी निघायला उठले, तर पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बस गं जरा. आज घड्याळ नको बघूस."