बसून दाबायची बटणं

हैबतराव आमच्या रोह्याच्या इमारतीत राहायला आले, तेव्हा त्यांच्या सामानात कपडे कमी आणि ब्रश जास्त होते. पेणजवळच्या जोहे गावातल्या एका गणपती कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं मूर्तींचे डोळे आखले. बाकीचे रंग कुणीही द्यावेत, डोळे मात्र हैबततात्यांनीच आखायचे. तीन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला. एका मूर्तीचा डावा डोळा उजव्यापेक्षा तांदळाच्या दाण्याएवढा खाली गेला. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्यांनी ब्रश धुतला, पुसला आणि घरी गेले, ते पुन्हा कामावर आले नाहीत.

बायको त्याआधीच गेली होती. मुलगा नितेश धाटावला कंपनीत शिफ्टवर, सून अनिता दवाखान्यात कामाला. दोघांनी त्यांना इकडे आणलं आणि दिवसभर एकटं ठेवलं. दोष कुणाचाच नव्हता. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले, मुलगा शौनक बंगळुरूला असतो आणि माझा रागीट स्वभाव अजून निवृत्त झालेला नाही. म्हणून भर दुपारी डोक्यावर ठोकाठोक सुरू झाली तशी मी भांडायला वर गेले.

गॅलरीत प्लायवूडचे तुकडे पसरून हैबतराव मांडी घालून बसले होते.

"पेटी करतोय, बाई. गान्यांची," ते म्हणाले. "बसा ना."

मी बसले नाही, पण ऐकून घेतलं. कारखान्यात पूर्वी एक टेप असायचा आणि तो हैबतरावांच्या शेजारी. बाकी सगळ्यांचे हात रंगाने भरलेले, त्यामुळे टेपला हात लावायचा मान यांचा. दिवसभर हाका यायच्या: तात्या, माझं लावा. वीस माणसं एकच गाणं ऐकत काम करायची. आता प्रत्येकाच्या कानात आपापली वायर. तरुणपणी मूर्ती पोचवायला मुंबईला गेले असताना त्यांनी एका इराण्याच्या हॉटेलात नाणं टाकून नंबर दाबायची पेटी पाहिली होती. तशी एक कारखान्यात ठेवली तर लोक कानातल्या वायरी काढतील, असा त्यांचा हिशेब होता. कारखाना आता रितेश चालवतो, त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

"आणि पेटी बिघडली तर मला बोलावतील," ते म्हणाले. "कोनीतरी बोलावलं पाहिजे ना, बाई."

मी भांडण विसरून खाली आले.

पेटीच्या पोटातलं काम सोपं निघालं. बाजारातल्या मोबाइलच्या दुकानातल्या प्रवीणने एक जुना लॅपटॉप दिला, त्यात गाणी भरली, कीबोर्डच्या वायरी शून्य ते नऊ अशा दहा मोठ्या बटणांना जोडून दिल्या. नंबर दाबला की गाणं सुरू. घोळ झाला तो लाकडात. हैबतराव मोजायचे नाहीत. मूर्तीचे डोळे नजरेने आखणारा माणूस स्पीकरची दोन भोकंही नजरेनेच कापायला बसला. पट्टी न वापरणाऱ्या पोरांवर मी आयुष्यभर खेकसले, आता सत्तरीच्या माणसावर खेकसले. उपयोग शून्य. डावं भोक बोटभर मोठं झालं.

"मातीत चुकलं तर मूठभर लावायची," ते म्हणाले. "लाकूड परत लावता येत नाय."

तरी त्यांनी कारागिराचाच उपाय केला. मोठं झालेलं भोक प्लास्टरने भरलं, घासलं, वर रंग दिला. बोट फिरवलं तरी सांधा कळेना. पहिलं गाणं ऐकायला मला मुद्दाम वर बोलावलं, आणि खरं सांगते, मीही चांगली साडी नेसून गेले. ढोलकी सुरू झाली, पेटी हादरली आणि प्लास्टरची कड खळकन स्पीकरवर पडली. गॅलरीभर पांढरी भुकटी.

त्यांनी पेटी बंद केली. स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"डावाच," ते म्हणाले. "परत डावाच."

मी चांगल्या साडीचा पदर खोचला आणि भुकटी झाडायला घेतली. 

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून फळ्याचा लाकडी कंपास काढला. दोन सारखी वर्तुळं आखली आणि सुताराकडून प्लायच्या दोन गोल कडा कापून आणल्या. त्या बसवल्या की दोन्ही भोकं सारखी दिसणार होती.

"झाकल्यासारखं दिसंल," हैबतराव कुरकुरले.

"झाकायचंच आहे," मी म्हटलं.

तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

एका गोष्टीवरून मात्र आमचं जुंपलं. बटणं त्यांनी अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीला बसवली होती. मी चूक दाखवली, तर त्यांनी मलाच वेड्यात काढलं. "कारखान्यात उभं कोन ऱ्हातंय? सगळी खालीच बसतात. बसल्या जागी हात पोचला पाहिजे."

मे महिन्यात टेम्पो केला. नितेशची शिफ्ट होती, म्हणून मी सोबत गेले. हैबतरावांच्या खिशात गाण्यांचं कार्ड होतं. वाकड्यातिकड्या अक्षरात नंबर, आणि काही नंबरांपुढे ते गाणं मागणाऱ्याचं नाव. बारा नंबर सखाचा, सत्तावीस सरूचा. नागोठणं, कासू, पेण, वाटभर ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचत होते.

कारखान्याच्या जागी आता पत्र्याची मोठी शेड होती. उंच टेबलांवर मूर्ती ओळीने मांडलेल्या. पोरं आणि बायका तोंडाला फडकी बांधून उभ्या होत्या, हातात रंगाचे स्प्रे, कानात वायरी. कॉम्प्रेसर धडधडत होता. खाली बसलेलं एकही माणूस नव्हतं.

हैबतरावांनी शेडकडे पाहिलं, मग पेटीच्या बटणांकडे. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

रितेशने वाकून नमस्कार केला, चहा मागवला, कॉम्प्रेसर बंद करायला लावला. पोरगा गुणी आहे. हैबतराव एकटेच जमिनीवर बसले आणि त्यांनी सत्तावीस दाबलं. गाणं स्वच्छ वाजलं, कडा जरासुद्धा हलल्या नाहीत. दोघातिघांनी एका कानातली वायर काढली आणि हसून मान हलवली. सरू कुठे आहे, हे त्यांनी विचारलं. सरूला काम सोडून दोन वर्षं झाली, रितेशने सांगितलं. गाणं संपलं. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला.

"तात्या, त्या कोपऱ्यात ठेवू," तो कानाशी येऊन म्हणाला. "तुमची आठवण राहील."

"कोपऱ्यात ठेवायला नाय केली रे," हैबतराव म्हणाले, आणि टेम्पोवाल्याला पेटी परत चढवायला सांगितली.

पेटीखाली दोन फुटांचं स्टूल घातलं असतं तर बटणं हाताशी आली असती. साधं गणित होतं. ते त्यांनाही येत होतं.

त्यानंतर आठ दिवस वरून काहीच आवाज आला नाही. ज्या ठोकाठोकीवर मी भांडायला गेले होते, तिच्याच भरवशावर माझ्या दुपारी जात होत्या, हे मला त्या आठ दिवसांत कळलं. घर फार मोठं वाटलं. नवव्या दिवशी मी वर गेले. पेटी हॉलमध्ये भिंतीला लावून ठेवलेली, वर टॉवेल टाकलेला. हैबतराव खिडकीशी बसले होते.

डॉक्टरांनी मला खाली बसायला सक्त मनाई केली आहे. पूजासुद्धा मी खुर्चीत बसून करते. भिंतीला धरून, एक एक गुडघा सांभाळत, मी जमिनीवर बसले आणि टॉवेल काढला.

"बाई, गुडघे..."

"माझं लावा," मी म्हटलं.

"कितवा नंबर?"

मला गाण्यातलं काही कळत नाही. मी हात पुढे करून एक्केचाळीस दाबलं. बटणं अगदी बोटाशी होती.

हैबतरावांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग खिशातलं कार्ड काढलं, पेन उघडलं आणि एक्केचाळीसच्या पुढे थरथरत्या हाताने, बराच वेळ घेऊन, लिहिलं: बाई.

आता रोज चारच्या सुमारास ते जिन्यातून हाक मारतात आणि मी वर जाते. ते गाणं मला मुळीच आवडत नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.