'गावात काही आढळलं नाही'

सैन्यातून निवृत्त झालो आणि अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे राहायला आलो. मिरवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती. एका देशात फुटीरतावादी आणि सरकारी फौजा यांच्यात शस्त्रसंधी झाली होती, तिच्यावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय पथकात मी वर्षभर निरीक्षक होतो. बंदूक नाही, फक्त दुर्बीण आणि वही. भेटेल त्याला हे ऐकवायचो. "बाबा, आज पार्टीत ती स्टोरी नको हं, प्लीज," असं सून हात जोडून सांगायची.

इथल्या लायब्ररीत नवख्यांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग असतो, तिथे मी मदतीला जातो. यंदा त्याच देशातली एक बाई आली. अर्थात मी तिलाही ऐकवलं. पुढच्या आठवड्यात तिनं फाइल आणली. अमेरिकेत आश्रय मिळावा म्हणून तिनं अर्ज केला होता. नाकारला, तर परत पाठवणार. फौजेनं भावाला गावातच गोळी घातली, असं तिनं अर्जात लिहिलं होतं. ते खोडायला इथल्या सरकारी वकिलानं निरीक्षकांचा त्या दिवसाचा अहवाल जोडला होता: 'गावात काही आढळलं नाही.'

अहवाल माझा होता.

त्या दिवशी गावाबाहेरच्या नाक्यावर फौजेच्या कॅप्टननं आमची जीप अडवली होती. त्याच्या मागे धूर दिसत होता. अशा वेळी 'आत सोडलं नाही' असंच लिहायचं, हा नियम. पण तसं लिहिलं तर गडी बिथरेल आणि उद्याही अडवेल, म्हणून मी शहाणपणा केला. आत गेलोच नाही, तर आढळणार काय? म्हणजे खोटं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. त्या शहाणपणाची आज शिसारी येते.

तिला मी सगळं सांगितलं. वकिलाला लेखी देतो, कोर्टात येऊन शपथेवर सांगतो, म्हणालो. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं फाइल मिटली.

"दुसऱ्या दिवशी सोडलं तुम्हाला आत?"

"सोडलं."

"काय दिसलं?"

"काही नाही. रस्ता स्वच्छ होता. ओला होता."

"आम्ही धुतला," ती म्हणाली. "त्यांनी आम्हा बायकांच्या हातात बादल्या दिल्या. तुम्ही येणार होतात ना, म्हणून."